भिलाईच्या काकड्या

आमगावात शामकलाच्या घरामागच्या बाडीतला काकडीचा वेल यंदा भादव्यात असा लगडला, की शेजारणींना वाटून झालं, कोशिंबिरी खाऊन घर कंटाळलं, तरी सकाळी टोपलं भरलेलंच. सून प्रेरणा म्हणाली, "आई, आता गाईले टाका."

शामकला टोपल्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाजारातून शेपूच्या दोन जुड्या आणजो. फुलं आलेला, जून पाह्यजे."

"जून शेपू कोन खाते?"

"खाची नाई. काकड्या घालाच्या हायेत."

एवढं बोलली खरी, पण हा विषय तिनं चाळीस वर्षं मनातच ठेवला होता.

लग्न होऊन ती भिलाईला गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. नवरा उदाराम तिथं पोलाद कारखान्यातल्या रशियन इंजिनियरांच्या गेस्टहाऊसमध्ये स्वयंपाक्याच्या हाताखाली होता. शामकला त्यातल्याच एका इंजिनियरच्या बायकोकडे भांडी घासायला जाऊ लागली. तिचं नाव लीदा. ना हिला तिची भाषा, ना तिला हिची. तरी दोघींचं जमलं. लीदा मॅडम काचेच्या बरणीत कोवळ्या काकड्या उभ्या रचायची, मध्ये लसणाच्या पाकळ्या आणि फुलासकट शेपू खुपसायची, वरून मिठाचं पाणी ओतायची. तेल नाही, मोहरी नाही, तिखट नाही. चार दिवसांनी पाणी गढूळ व्हायचं, त्यात बुडबुडे यायचे, आणि काकडी अशी आंबट व्हायची की शामकलाचे डोळे मिटून यायचे. दोन वर्षांत तिचा हात मॅडमसारखाच बसला.

मग मॅडम आपल्या देशी गेली, उदारामचं कामही सुटलं. दोघं आमगावला परतली आणि त्यानं तांदळाचा छोटा धंदा टाकला. पहिल्याच पावसाळ्यात शामकलानं हौसेनं बरणी भरली. तिसऱ्या दिवशी सासू रुख्मानं झाकण उघडलं, नाकाला पदर लावला आणि अख्खी बरणी उकिरड्यावर ओतली. "सडक्या काकड्या खाऊ घालून राहिली का आमाले?" एवढंच बोलली. शामकलानं बरणी घासून पालथी घातली. परत तो प्रकार कधी केला नाही.

आता रुख्मा नव्वदीला टेकली होती. गेल्या महिन्यातल्या तापानं तिच्या तोंडाची चवच गेली होती. तांदळाची पेज दोन घोट घ्यायची आणि वाटी सरकवून द्यायची.

प्रेरणानं शेपू आणला. शामकलानं बरणी भरली, काकड्या वर तरंगू नयेत म्हणून धुतलेला दगड ठेवला. चौथ्या दिवशी काकडी उचलली, तर बोटांतच दबली. आतून नुसता गाळ. सगळं गाईपुढं गेलं.

"असू द्या ना, आई," प्रेरणा म्हणाली. "एवढं कायले मनाले लावून घेता?"

पण शामकलाला चैन पडेना. मीठ तेच, शेपू तोच. चुकलं कुठं? दोन दिवस ती आठवत राहिली. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालता घालता तिला भिलाईचं अंगण दिसलं. लीदा मॅडम एकेका झाडाचं पान तोडून चावून पाहत होती, थुंकत होती, तोंड वाकडं करत होती. शेवटी जांभळाच्या पानाशी थांबली. ते तुरट लागलं तशी टाळ्या वाजवत नाचली होती आणि मूठभर पानं बरणीच्या तळाशी घातली होती. त्या तुरटपणानंच काकडी कडक राहायची!

कपडे तसेच टाकून शामकला मागच्या जांभळाकडे गेली.

या खेपेला काकडी दाताखाली कटकन मोडली. प्रेरणानं एक खाल्ली, दुसरीला हात घातला. कोपऱ्यातल्या खाटेवरून रुख्मा म्हणाली, "काय खाऊन राहिल्या वं? मलेबी दे."

दात नव्हते, म्हणून शामकलानं पेजेत बरणीतलं दोन चमचे पाणी घातलं. म्हातारीनं घोट घेतला. थांबली. अख्खी वाटी संपवली.

"कायचं पानी हाय हे?"

कैरीचं म्हणून सांगता आलं असतं. शामकला म्हणाली, "तुमी उकिरड्यावर ओतलं होतं ना आत्या, तेच."

म्हातारीनं रिकाम्या वाटीचा वास घेतला. मग म्हणाली, "तवा वासच घेतला होता. चाखून नव्हतं पाह्यलं." आणि वाटी पुढं केली. "अजून दे."

शामकलानं वाटी भरली. या वेळी पाणी दोन चमच्यांऐवजी चार चमचे घातलं. म्हातारीनं तेही संपवलं. त्या दिवसापासून ती दोन्ही वेळा पेज मागून घेऊ लागली.

त्याच दुपारी उदाराम जेवायला बसला. शामकलानं मोठ्या उमेदीनं त्याच्या ताटात दोन काकड्या ठेवल्या. त्यानं एक कुरतडली आणि हळूच भाताआड सरकवली.

"काऊन? बिघडलं का?"

"नाई, बरोबर हाय. पन मले तवाबी नाई आवडत होतं."

"मंग भिलाईत रोज दोन-दोन कायले खात होते?"

उदाराम भात कालवत राहिला. "तू मॅडमच्या घरून काकड्या घेऊन यायची, इतकी खुशीत सांगत राहायची. नाई कसं म्हनू?"

प्रेरणाला हसू आवरेना. शामकलानं त्याच्या ताटातल्या काकड्या उचलून आपल्या ताटात टाकल्या आणि त्याला आंब्याचं लोणचं वाढलं.