माणिकप्पाची वर्तणूक

परदेशातून आलेला माणूस टेपरेकॉर्डर आणतो, एवढं आमच्या गावाला ऐकून ठाऊक होतं. माणिकप्पानं खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. अरबी अक्षरांच्या गर्दीत कोपऱ्यात त्याचा फोटो. इकाम्याची झेरॉक्स होती ती. इकामा म्हणजे त्या मुलखात राहायचा आणि काम करायचा परवाना. हा नसला तर तिकडं माणूस उजेडात उभा राहू शकत न्हाई, असं तो पारावर बसून सांगायचा. कागद हातोहात फिरला, बोटांच्या तेलानं पिवळा पडला आणि शेवटी त्याच्या बायकोनं, शिवम्मानं, तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

देवणीपासून दोन कोसांवर आमचं गाव. माणिकप्पा लिंगायत, वीरण्णा पाटलाचा धाकटा. शिकला सातवी, पण जनावरातलं त्याला जे कळायचं ते देवाघरचं होतं. बैलाच्या कानाच्या मुळाशी हात लावून ताप सांगायचा. ऐंशी साली नांदेडच्या एका एजंटानं त्याला विमानात बसवलं. ज्याच्या नावाचा व्हिसा होता तो मालक विमानतळावर आलाच न्हाई. माणिकप्पा फिरत फिरत एका गाईंच्या फार्मवर लागला आणि दोन वर्षं बिनकागदाचा राहिला. पोलिसांची गाडी दिसली की कडब्याच्या गंजीत शिरायचं. मग एक गाय अडली, डॉक्टर यायच्या आत यानं कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवलं. फार्मच्या मालकानं ते बघितलं आणि याला आपल्या नावावर करून घेतलं. तिसऱ्या वर्षी इकामा झाला.

पंच्याऐंशीला तो सुट्टीवर आला तो तीन महिन्यांसाठी. तेवढ्यात परत पोचला न्हाई तर इकामा रद्द. आणि पासपोर्टाची मुदत तर संपत आलेली. नव्या पासपोर्टासाठी मुंबईला अर्ज गेला, मुंबईहून पोलीस चौकशीचा कागद निघाला आणि थेट उस्मानाबादला गेला. लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती, पण माणिकप्पाच्या जुन्या पासपोर्टात जिल्हा उस्मानाबादच. कागद तिथं दीड महिना पडून राहिला आणि ‘सदर गाव आमच्या जिल्ह्यात नाही’ असा शेरा घेऊन लातूरला आला. लातूरहून उदगीर, उदगीरहून देवणी. जमादार सायकलवरून गावात आले तेव्हा वीस दिवस उरले होते.

जमादार मोठे कायद्याचे. अर्जदाराची वर्तणूक चांगली आहे असा दोन पंचांचा जबाब पाहिजे. एक पोलीस पाटील चालंल. दुसरा सरकारी नोकर हवा, आणि अर्जदाराला पाच वर्षांच्या वर ओळखणारा. तलाठ्याची बदली लातूरला झालेली, नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या भरायच्या म्हणून सगळे तिकडं ओढून नेलेले. मास्तर आदल्या वर्षीचा. जमादारांनी वही चाळली आणि म्हणाले, एक नाव आहे की. भुजंग. तुमच्याच गावचा, देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर.

माणिकप्पाचं तोंड उतरलं ते पारावरच्या सगळ्यांनी बघितलं. गावाला कारण ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरींनी माना टाकल्या, एक वीरण्णा पाटलाची सोडून. लिंगपूजेचं पाणी म्हणून ती विहीर जपलेली. तरी वीरण्णानं पाणी अडवलं न्हाई. गावानं रांगेत भरायचं, आणि बौद्धवाड्यातल्या बायांनी घागरी लांब ठेवायच्या, वरून कुणीतरी वतायचं. वतायला वीस वर्षांचा माणिकप्पा. एका दुपारी भुजंगची आई पंचफुला खडी फोडायच्या कामावरून तशीच आली. ऊन असं, की उभी राहिली आणि डोळ्यापुढं अंधारी आली, तिनं घागर विहिरीच्या ओट्यावर टेकवली. माणिकप्पानं लाथ घातली. घागर फुटली. तेवढ्यावर थांबला असता तरी एकवेळ ठीक होतं. ओटा बाटला म्हणून त्यानं तीन घागरी पाणी शेंदून तो दगड धुतला. रांगेतल्या बाया ते पाणी मातीत जाताना बघत राहिल्या. पंचफुला खापरं गोळा करून पाण्यावाचून गेली.

फुटलेल्या घागरीचं पुढं कुणी नाव काढलं न्हाई. त्या धुण्याच्या पाण्याचं मात्र निघायचं.

माणिकप्पा बौद्धवाड्याच्या वाटेला तीनदा गेला आणि तीनदा माघारी आला. चौथ्या दिवशी त्यानं गोठ्यातला धडधाकट देवणी बैल सोडला आणि दवाखान्यात नेला. भुजंगनं बैलाचे डोळे बघितले, जीभ ओढून बघितली, पोटावर थाप मारली.

“बैलाला काही झालं न्हाई,” तो म्हणाला. “तुला काय झालंय?”

माणिकप्पा म्हणाला, भुजंगराव, जरा काम होतं.

भुजंग हसला. “भुजंग्याच म्हण. जुनं हाय, कानाला सवय हाय.”

माणिकप्पानं खाली बघून सगळं सांगितलं. पासपोर्ट, तारीख, जमादार. भुजंगनं हात धुतले, फडक्याला पुसले. गेली दहा वर्षं तो पाटलांच्या गोठ्यात सुई टोचायला येत होता आणि कान तुटलेल्या कपात बाहेरच्या दगडावर चहा पीत होता. न्हाई म्हणाला असता तर कुणी नावं ठेवली नसती. तो एवढंच म्हणाला, की जबाब देईन, पण पाटलाच्या ढेलजेत न्हाई. जमादाराला माझ्या अंगणात घेऊन ये.

दोन दिवसांनी त्या अंगणात जमादार बाजेवर बसले. पोलीस पाटील सही ठोकून लिंबाखाली उभे. माणिकप्पा त्या घरी जन्मात पहिल्यांदा आला होता, कुठं टेकावं ते त्याला कळत नव्हतं. दाराच्या आत पंचफुला तांदूळ निवडीत बसली होती. तिनं मान वर केली न्हाई. जमादारांनी मांडीवर कागद घेतला आणि छापील प्रश्न वाचले. किती वर्षं ओळखता. व्यसन आहे का. गुन्हा आहे का. भुजंग उत्तरं देत गेला.

“सदर इसमाची वर्तणूक कशी आहे?”

“जनावराशी चांगली,” भुजंग म्हणाला. “मुक्या जिवाला उपाशी ठेवत न्हाई. हे मी डोळ्यानं बघितलंय.”

“आणि माणसांशी?”

“ते त्येलाच इचारा. मी तवा उदगीरला हॉस्टेलात होतो.”

जमादारांनी माणिकप्पाकडं बघितलं. माणिकप्पाचा हात आपसूक सदऱ्याखालच्या, गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला. बाहेर लिंबाखाली पोलीस पाटील खाकरले, म्हणजे आटप असा इशारा होता. ‘चांगली आहे’ एवढं म्हणून टाकलं असतं तर जमादारांनी लिहूनही घेतलं असतं. पण आतून तांदूळ निवडायचा आवाज थांबला होता.

“लिहा सायेब,” माणिकप्पा म्हणाला. “बहात्तर साली ह्यांच्या आईची घागर मी लाथंनं फोडली. आन् तीन घागरी पाणी वतून ओटा धुतला. त्या दिवशी तिला पाणी दिलं न्हाई.”

आणि मग त्यानं ते सांगितलं, जे पारावर कधी सांगितलं नव्हतं. बिनकागदाच्या दिवसांत एकदा फार्मच्या मालकाच्या घराच्या नळाखाली त्यानं आपला कॅन लावला होता. घरातला नोकर आला, त्यानं भरलेला कॅन उपडा केला आणि नळाची तोटी साबणानं धुतली. माणिकप्पा बघत उभा राहिला. कागद नव्हता, म्हणून बोलायला तोंड नव्हतं. “तवा मला ही बाई आठवली,” तो म्हणाला. “त्याच्या आधी एकदाबी आठवली नव्हती.”

जमादारांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, हे लिहायला यात रकाना नाही.

“मग मी आईला इचारतो,” भुजंग म्हणाला. “घागर तिची होती.”

तो आत गेला. त्याला काही विचारावं लागलं न्हाई. पंचफुलाचा आवाज अंगणात सगळ्यांना ऐकू आला, शांत, भाजीचा भाव सांगावा तसा.

“कर सही. गेला तर जाऊ दे. हितं राहिला तर मलाच त्येचं तोंड रोज बघावं लागंल.”

पोलीस पाटलांना हसू आलं, ते त्यांनी उपरण्यात दाबलं. भुजंगनं बाहेर येऊन जबाबावर सही केली. जमादारांनी वर लिहिलं, वर्तणूक चांगली. माणिकप्पानं हात जोडले, पण दारात कुणी नव्हतं. तांदूळ निवडायचा आवाज परत सुरू झाला होता.

सुट्टीचे पाच दिवस राहिले असताना पासपोर्ट हातात आला. तो वेळेवर पोचला, इकामा टिकला, आणि पुढं बारा वर्षं टिकत राहिला. लोक म्हणायचे, नशीब काढलं. तो मान हलवायचा. शिवम्माला मात्र त्यानं एकदा सांगितलं होतं, की दर वेळी इकामा नवा होऊन आला की तो हातात धरायला लाज वाटते. तो कुणाच्या शब्दावर टिकला ते आपल्याला ठाऊक हाय. सुट्टीवर आला की तो बौद्धवाड्यावरून न जाता नाल्याकडून फिरून रानात जायचा.

सत्त्याण्णवला तो कायमचा परत आला. तोवर गावात नळयोजना झाली होती, आणि नळाचा सिमेंटचा ओटा नेमका भुजंगच्या घरासमोर. पाटलाची विहीर बुजली होती. आता नाल्याकडून फिरून भागण्यासारखं नव्हतं. घरात सुना असून माणिकप्पा स्वतः घागर घेऊन यायचा आणि सगळ्यांच्या मागं उभा राहायचा. बाया हसायच्या. म्हणायच्या, अप्पा, अरबस्तानात बायकांचं काम करून राहिले होते की काय. तो हसायचा न्हाई, रागवायचाबी न्हाई.

पंचफुला थकली होती. दारात बसून रांग बघायची. दोन-तीन वर्षं तिनं त्याच्याकडं बघितल्याचं दाखवलं न्हाई. मग एका उन्हाळ्यात नळ करंगळीएवढा येत होता, माणिकप्पा पितळेची घागर दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ तोटीखाली उभा होता. पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाचे हात भरून आले. ती दारातून म्हणाली,

“ठेव की ओट्यावर. सिमेंटच हाय.”

माणिकप्पानं तिच्याकडं बघितलं. घागर खाली ठेवली न्हाई. तशीच, हातावर धरून, काठोकाठ भरून घेतली.