कोऱ्या पाटीचं दुकान

एकाच अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांत अडकून घरचं पाणी घालवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी अहमदपूरला जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन ते लातुरात आले, पण शब्द निवडायची खोड काही निवृत्त झाली नाही. तापाने फणफणले असताना डॉक्टरांनी काय होतंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सिक म्हणावं का इल, तेच ठरवायलोय." दुष्काळात टँकरच्या रांगेत टंचाईला शॉर्टेज म्हणावं की स्कार्सिटी, यावर पुढे उभ्या असलेल्या तलाठ्याशी असे भिडले की टँकर रिकामा होऊन निघूनही गेला. कोरडी घागर खांद्यावर घेऊन घरी आले आणि मामींना म्हणाले, "स्कार्सिटी ठरली." मामी म्हणाल्या, "मग आज तिच्यातच डाळ शिजवते."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि जो तो दुकानावर इंग्रजी पाटी चढवत होता. मी सूतगिरणीतली नोकरी सोडून भांड्यांचं दुकान काढत होतो. सासुरवाडीत या धाडसावर एकट्या मामांचा विश्वास होता, म्हणून नावापुढचा शब्द त्यांनीच द्यावा असं मी म्हणालो आणि फसलो. स्टोअर्स लिहू का, असं विचारलं तर म्हणाले, "जावईबापू, स्टोअर म्हंजे कोठार. तुम्हाला माल इकायचाय का कोंडून ठेवायचाय?" एम्पोरियम म्हणायला दुकान लई बारीक, मार्ट म्हटलं की आठवडी बाजार वाटतो, आणि सेंटर म्हणावं तर आम्ही गल्लीच्या टोकाला. पेंटर रोज ब्रश घेऊन यायचा आणि चहा पिऊन जायचा. "शेवटचा शब्द कळल्याबिगर अक्षराचं माप कसं धरू?" हे त्याचंही खरंच होतं. अखेर पांढरा रंग दिलेली कोरी पाटीच वर चढवून दुकान उघडलं. बिननावाचं दुकान चालायचं कसं, या काळजीने मला घास गिळवेना. पण त्या दुष्काळात घागरी, हंडे, पिंपं कुणाला नको होती? एक दिवस रेणापूरची एक म्हातारी पायरी चढत म्हणाली, "कोऱ्या पाटीचं दुकान हेच न्हवं? एस्टीत बायका सांगत व्हत्या, घागर तिथूनच घे, गळत न्हाई." त्या रात्री मी पोटभर जेवलो.

मामा मात्र हिरमुसले. "जन्मभर पोरांचे शब्द खोडले," एकदा हळूच म्हणाले, "एखादा आपला शब्द रस्त्यावर दिसावा वाटतंय." मला फार वाईट वाटलं. त्यानंतर पाटीला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तर जवळ बोलावून म्हणाले, "जावईबापू, शॉप लिवा. साधं हाय, खरं हाय. उगी हिंडलो इतके दिवस."

तेरावं झाल्यावर मी पेंटरला बोलावलं. त्याने बाकीचं नाव विचारलं. मी म्हटलं, नको, एवढंच. पाटीच्या मधोमध तो एकच इंग्रजी शब्द त्याने ठसठशीत काढून दिला. लोक अजूनही कोऱ्या पाटीचं दुकान असंच म्हणतात. एखादं नवं गिऱ्हाईक तेवढं वर बघतं आणि विचारतं, "शॉप हाय, पण कुणाचं?"

"मामांचं," मी सांगतो.