पाटीवरच्या पताका

आमच्या थांगझे गावात अंधार सांभाळायचं काम पाल्झेसनं आपणहून अंगावर घेतलं. डोंगरावरच्या वेधशाळेनं गावातल्या काही घरांना दुर्बिणी दिल्या. पाहुण्यांना तारे दाखवा, चार पैसे मिळवा, पण गावात अंधार राहिला पाहिजे. उजेड वाढला तर दुर्बिणी परत. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले. पाल्झेस तेवढी विसरली नाही. मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत, त्यामुळे सगळ्यात जास्त जाच मलाच. माझ्या खिडकीचा पडदा बोटभर सरकला की बाहेरून हाक यायची, "चोरोल, तुझा उजेड सांडतोय." जसं काही दूधच ओतून दिलं होतं मी.

एकदा एका ठेकेदाराची जीप दिवे चालू ठेवून गोम्पाखाली, म्हणजे आमच्या मठाखाली, उभी होती. हिनं अंगातला लोकरीचा गोंचा काढून जीपच्या तोंडावर टाकला आणि ठेकेदार येईपर्यंत तिथेच कुडकुडत उभी राहिली. आल्यावर त्याला सणसणीत ऐकवलं आणि मग घरी नेऊन लोण्याचा चहा पाजला. बाई अशी आहे.

पण उगाच नव्हती ती जिवावर उदार झालेली. नवरा गेलेला, मुलगी लेहला नोकरीला. मुलगी सारखी मागे लागलेली, "आमा, इकडे ये, नळाला गरम पाणी आहे, रात्रभर रस्त्यावर दिवे असतात." त्या दिव्यांचं नाव काढलं की पाल्झेसच्या कपाळाला आठी पडायची. दुर्बीण होती म्हणून पाहुणे येत, पाहुणे येत म्हणून तिचं हिवाळ्याचं भागत होतं. दुर्बीण गेली की घराला कुलूप लावून लेहच्या दोन खोल्यांत जाऊन पडायचं, हे ती जाणून होती.

आणि नेमका तेव्हाच तिच्या दिराला, स्तोबदनला, गेस्ट हाऊस काढायची बुद्धी झाली. गावाच्या वळणावर त्यानं भली मोठी पाटी उभारली. वर लिहिलेलं, 'आकाशगंगा बघायला या', आणि भोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या चांदण्या. सौरबॅटरीवर ती पाटी संध्याकाळी जी पेटायची, ती आकाशगंगा काय, शेजारचा डोंगरसुद्धा दिसू द्यायची नाही.

पाल्झेस भांडली, रडली, गोबाकडे गेली. गोबा म्हणजे आमचा मुखिया, पण तो स्तोबदनचा छांग प्यायचा सोबती. तो म्हणाला, बघू. तशात वेधशाळेचा निरोप आला की शरदात माणसं उजेड मोजायला येणार. पाल्झेसच्या तोंडचं पाणी पळालं.

मग एक दिवस स्तोबदन सामान आणायला लेहला गेला आणि हिनं भर दुपारी पाटीला शिडी लावली. खांद्यावर मंत्रांच्या पताकांची गुंडाळी. आता पताका बांधणाऱ्याला आमच्यात कोण अडवणार? उलट पुण्यात वाटा मिळावा म्हणून जो तो हात लावायला धावला. गोबानं स्वतः शिडी धरली. दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. तासाभरात पाटी, चांदण्या, बॅटरीला ऊन पुरवणारी काच सगळं पाच रंगांच्या कापडाखाली गडप.

स्तोबदन परतला आणि पाहतच राहिला. बांधलेल्या पताका आमच्यात कुणी उतरवत नाही, वाऱ्यानं विरून जातील तेव्हा जातील. तो बिचारा रोज पाटीखाली उभा राहून वारा कधी येतो ते बघायचा. पाल्झेस गच्चीवरून धाकट्या भावाला हाक मारावी तसं विचारायची, "नोनो, काय शोधतोस? आकाशगंगा?" मला तर हसून हसून उचकी लागायची.

पण हे हसू अंगाशी आलं. वळणावर पताका दिसल्या की परगावचे ड्रायव्हर गाडी थांबवायला लागले. देवाची जागा समजून उजवीकडून फेऱ्या, दगडावर दगड, आणखी पताका. आमच्याच गावच्या म्हाताऱ्या जपमाळा घेऊन तिथे जाऊन बसू लागल्या. पाल्झेस सुरुवातीला खूश होती, पताका वाढतायत तेवढं बरं. मग नुब्राच्या एका ट्रकवाल्याचा बंद पडलेला ट्रक म्हणे फेऱ्या मारल्यावर सुरू झाला. त्यानं नवस फेडायला काय आणावं? घरावर घर ठेवावं इतका उंच सौरदिवा. संध्याकाळ झाली की आपोआप लागणारा, आणि बंद करायला बटणच नाही.

मोजणारी माणसं यायच्या तोंडावर हा दिवा आला. गावानं उत्साहानं खड्डा खणला. पाल्झेस समजावून दमली. देवाचा दिवा, त्याला कोण नको म्हणणार? शेवटी ती गोंचा सावरून त्या खड्ड्यात उतरली आणि बसली. खांब खांद्यावर घेतलेली माणसं तशीच उभी. वर डोकं फक्त तिचं दिसत होतं. स्तोबदन पुढे आला आणि इतक्या दिवसांचं सगळं वसूल करत, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "आचे, काय शोधतेस?"

गोम्पातून म्हाताऱ्या लामाजींना बोलावलं. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, काय झालं बाई. सगळा गाव ऐकत होता. पाल्झेसचा चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारेल. मी तरी मारली असती.

"लामाजी, इथे देवबिव नाही," ती म्हणाली. "या पताकांखाली स्तोबदनची पाटी आहे. त्याची जिरवायला मी बांधल्या. दिवा लागला तर माझी दुर्बीण जाईल, आणि मला लेहला नाही जायचं."

गोबा तर आपण शिडी धरली होती हे आठवून मागे सरकला.

लामाजींनी विचारलं, "बांधताना मंत्र म्हटलास?"

"म्हटला. सवयीनं."

"मग पताका खऱ्या. त्या राहतील." मग ते ट्रकवाल्याकडे वळले. "तू फेऱ्या मारल्यास तेव्हा इथे दिवा होता?"

"नव्हता, लामाजी."

"तरी ट्रक चालू झाला ना? इथल्याला अंधार चालतो. दिवा आमच्या स्वयंपाकघरात नेऊन लाव. आमच्या स्वयंपाक्याला चहात मीठ पडलं की सोडा, ते दिसत नाही. तीन वर्षं सोसतोय मी."

खांब तसाच गोम्पाकडे वळला. जाता जाता लामाजींनी विचारलं की पाटीवर लिहिलंय तरी काय. स्तोबदननं मान खाली घालून सांगितलं, तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की दोघांनी धरूनच नेलं.

म्हाताऱ्यांनी मात्र फेऱ्या सोडल्या नाहीत. मी एकीला म्हटलं, अगं, आत पाटी आहे. ती म्हणाली, असू दे, माझा गुडघा सुधारलाय. स्तोबदनचंही काही बिघडलं नाही. ड्रायव्हर आता पाहुण्यांना सांगतात, पताकांच्या वळणाशी उतरा.

मोजणारी माणसं आली त्या संध्याकाळी पाल्झेस घरात नव्हती. त्यांना चहा मीच दिला आणि तिला शोधायला निघाले. वळणावर ती दिसली. डोक्यावरून शाल ओढून, कुणी ओळखू नये म्हणून भराभर फेऱ्या मारत होती, ओठ पुटपुटत होते. देवबिव नाही म्हणणारी हीच.

स्तोबदन समोरच्या गेस्ट हाऊसच्या दारात उभा राहून हे बघत होता. मला वाटलं, आता हा टोमणा मारणार आणि वर्षभर पुरवून वापरणार. त्यानं दारावरचा दिवा मालवला, टोपी काढली, आणि तिच्या मागोमाग चालायला लागला.