पेटीतली रिकामी जागा

नदीखालून बोगदा जायचाय, म्हणून शहापुरात आम्ही बोअर मारून निघालेला दगड खोलीप्रमाणे पेटीत ओळीनं मांडतो. मशीनवर मुरबाडकडचे काका आहेत. पाइपावर तळहात ठेवून ते सांगतात, "आता मऊ लागंल बघ."

एकदा हातभर दगड निघालाच नाही. मी सातवीत शाळा सोडलेला, घर लातूरला. दगड मीच हरवला म्हणतील, काम जाईल या भीतीनं मी तुकडे सरकवून रिकामी जागा बुजवली. काकांनी ती पुन्हा मोकळी केली.

"नाय निघाला तर नाय म्हणायचं रे. उद्या खाली माणसं खणतील."

तेवढ्यात साहेब आले, त्यांना ती मोकळी जागा दिसली. "पेटी कुणी बिघडवली?"

"मीच, सायेब. परत बोअर घेतो," काका म्हणाले.

माझं काम टिकलं. दुसऱ्या बोअरलाही त्याच खोलीवर दगड नाही, चिखलच निघाला, तेव्हा मात्र खाली खणणारी माणसं आठवून मीच पेटीत तेवढी जागा मोकळी सोडली.