कॉकपिटमधली रिकामी खुर्ची

नागपूरचं विमान पूर्ण भरलं होतं. गेटपाशी दुसऱ्या कंपनीच्या गणवेशातला एक तरुण वैमानिक टोपी काखेत धरून उभा होता. कॉकपिटमध्ये मागे एक जादा खुर्ची असते. ती मागायची तर कॅप्टनसमोर स्वतः उभं राहून मागायची, अशी या लोकांची रीत आहे.

कॅप्टन आले.

"सर, वडील आयसीयूत आहेत. येऊ का?"

"अरे, माझ्या हातात असतं तर मांडीवर बसवून नेलं असतं तुला. पण आपल्या कंपन्यांचा करार तुटलाय. परक्या कंपनीचा माणूस आत घ्यायचा नाही, असा हुकूम आहे."

"खुर्ची रिकामी आहे ना, सर?"

"रिकामीच आहे रे." कॅप्टननी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तरीही त्या पोरानं रीतीप्रमाणे आभार मानले.

मी रांगेतून सरकत आत गेलो. आभाळाला कुंपण नसतं, ते मालक घालतात. दोन माणसं एकच काम करतात, एकच वारा ओळखतात, आणि एका कागदानं एकमेकांना परकी होतात. खिडकीशी बसून मी मनात पत्रक लिहू लागलो. वाक्यं धारदार सुचत होती.

विमान ढगांवर आलं तेव्हा आठवलं, मी उद्याच्या कामगार सभेत एकजुटीवर बोलायला निघालो होतो. मला संध्याकाळचं विमानही चाललं असतं.

कोणत्याही कराराशिवाय त्याला देता येईल अशी एक खुर्ची या विमानात होती. तिच्यावर मी बसलो होतो.