आकड्यांच्या रांगेतली छत्री

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरला नाही—आणि डॉक्टरने तर दारूबद्दल सरळच विचारलं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण रिटायर झालो म्हणून परवा मुलाने मला जुईनगरच्या एका नव्या पबमध्ये नेलं, आणि तिथल्या भिंतीवर मला ते आकडे दिसले.

गोण्या ओढायचे लोखंडी आकडे. बाजारातले माथाडी कमरेला लावतात, ते. काळा रंग देऊन, वर पिवळे दिवे सोडून, शोभेला टांगलेले. ‘बाबा, किती ऑथेंटिक ना!’ मुलगा म्हणाला. मी मेन्यूकार्ड उलटं धरून वाचायला लागलो. बिअरमुळे नाही, ती अजून यायची होती.

याच जागेवर पूर्वी शेठचा बार होता. शेठ म्हणजे शेजारच्या गावचा आगरी. नवी मुंबई वसवताना शेत गेलं, बदल्यात गाळा मिळाला, गाळ्यात बार. पत्र्याची टेबलं, उकडलेली अंडी, ओल्या फडक्याचा वास. तो वास मला आवडायचा असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण नाही आवडायचा. आमच्या सोसायटीतलं तिथे कोणी येत नसे, म्हणून मी जायचो. बस.

गिऱ्हाईक सगळं साताऱ्याकडचं, बाजारात पाठीवर माल वाहणारं. आत शिरताना प्रत्येकाने आपला आकडा दाराजवळच्या खिळ्याला लावायचा—भांडण झालंच तर हातात लोखंड नको. आणि निघताना ज्याला आपला आकडा खिळ्यावरून नीट काढता येणार नाही, त्याचा शेजारच्याने काढायचा, त्याला घरी पोचवायचं आणि आकडा त्याच्या घराच्या दारात परत द्यायचा. ‘खिल्यावरचा निघत नाय, त्यानं एकट्यानं जायाचा नाय,’ शेठ म्हणायचा. वाद नसे.

मी ऑफिसातला माणूस. माझ्याकडे कसला आकडा? मी वाकड्या मुठीची छत्री लावायचो. शेजारच्या टेबलावरचा सदाशिव, कांद्याच्या गोण्या उचलणारा, रोज ओरडायचा, ‘बगा, सायबाचा आकडा कापडं घालून आलाय!’ रोज तोच विनोद. रोज सगळे हसायचे. मीसुद्धा.

मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

त्या संध्याकाळी सोसायटीत सत्यनारायण होता. नगरसेवक येणार म्हणून फाटकात रांगोळी—दोन मोर, आणि मधोमध साहेबांचं नाव, नावाआधी ‘आदरणीय’. स्वागताचं भाषण माझ्याकडे. थोडा धीर यावा म्हणून मी शेठकडे गेलो. धीर जास्त झाला. छत्री खिळ्यावरून निघेना. सदाशिवने ती काढली, स्वतःचा आकडा कमरेला लावला आणि मला धरून फाटकापर्यंत आणलं. तिथे मी ओकलो. नेमका ‘आदरणीय’वर. एरवी मी हे चवीने सांगितलं असतं, नाही?

मी तसाच लिफ्टने वर गेलो. छत्री त्याच्या हातात राहिली. ती दारात परत द्यायची असते, म्हणून तो थांबला. थांबलाच आहे तर नळाची बादली आणून माझी घाण धुवायला लागला. सेक्रेटरींनी त्याला असा पकडला—तोंडाला दारूचा वास, कमरेला आकडा, हातात चांगल्यापैकी छत्री, पायाशी वाहून चाललेले मोर.

इंटरकॉम वाजला. मी तोंड धुतलं, लवंग चघळली, इस्त्रीचा झब्बा घालून खाली आलो.

‘हा म्हणतोय, तुम्हाला सोडायला आलेला. ओळखता याला?’

मला बघून सदाशिव हसला. सुटल्यासारखा हसला. ‘सांगा की सायेब यास्नी!’

एक ‘हो’. किती जड होतं ते? तो रोज पाठीवर जे वाहायचा त्यापेक्षा?

मी म्हणालो, ‘मी नाही ओळखत. छत्री माझीच आहे. कालपासून सापडत नव्हती.’

बघा, काय जपून केलेलं वाक्य. चोर हा शब्द मी वापरला नाही. तो इतरांनी वापरला. पहिली थोबाडीत सेक्रेटरींनी मारली, मग वॉचमनने, मग सोवळं नेसलेल्यांनीही. ‘आवो सायेब, खिळ्यावरनं मीच काडली न्हवं?’ तो म्हणत होता. कोणाला अर्थ लागला नाही. मला लागला. मी प्रसादाच्या द्रोणाकडे बघत राहिलो. पोलिसांनी त्याला नेलं. आकडा हत्यार म्हणून जमा केला. नंतर मी भाषण केलं—परिसराच्या सुरक्षिततेवर. टाळ्या पडल्या.

पुढे ‘हत्यारबंद दारुड्यां’विरुद्ध सोसायट्यांनी मोर्चा काढला. मी पहिल्या रांगेत होतो. बार बंद झाला, बारमागची बैठी घरं गेली, टॉवर आले. सदाशिव पुन्हा बाजारात दिसला नाही, असं ऐकलं. मी बाजारात जाऊन पाहिलं नाही. शेठ एकदा रस्त्यात भेटला. ‘छत्री हाय ना घरा?’ एवढंच विचारलं, बाजूला थुंकला आणि गेला.

दारू मी सोडली नाही. घरी पितो, चांगल्या ग्लासातून.

परवा पबमधून निघताना मी एका आकड्याला हात लावून पाहिला. स्क्रूने पक्का बसवलाय; तो कोणालाच निघणार नाही. वेटर धावत मागून आला, ‘सर, तुमची छत्री राहिली.’

घेतली. तीच आहे. कापड बदलून घेतलंय. मूठ जुनीच आहे, सदाशिवने धरली होती ती.