आईकडून आलेला पिवळा रंग

मुरगळलेले हातपाय बसवून घ्यायला लोक बूढापारा मोहल्ल्यात माझ्याकडे येतात. मनगट दुखतं म्हणून एक माणूस तीन दिवस आला. नाव मी विचारलं नाही. तेल चोळताना लोक ओरडतात. हा दुसऱ्या हातानं मोबाईलवर आपण पाळलेल्या विलायती अजगरांचे फोटो दाखवत राहिला.

"या पिवळ्या नराची पिवळी पिल्लं जवळपास सगळ्या माद्याच निघतात, काका."

"काहून?"

"याले रंग आईकडून मिळाला, म्हणून हा पोरींना देतो. बापाकडून मिळाला असता तर पोरांना दिला असता."

"सापाचं मले शिकवू नको," मी म्हणालो. पण माझा हात थांबला. हे काम मले माझ्या आईनं शिकवलं. मी ते माझ्या पोट्ट्याले शिकवलं. तो भिलाईले नोकरी करतो, तेलाले हात लावत नाही. माझी पोट्टी शिकायले मागे लागली होती, तिले मी हाकललं. माझ्यामागे हे काम कोणी करणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी पोट्टीले बोलावलं आणि तिचा अंगठा त्या माणसाच्या मनगटावर ठेवला.

"आता सुचलं का तुम्हाले, बाबा?" ती म्हणाली.

"बोलू नको. दाबायच्या आधी शीर शोध."